पूर्वजांच्या डबीतील बटणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



श्रीनामदेवरायांच्या चरणी वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले मला येथून दिसत आहे. शिक्षण, शिष्यवृत्त्या, वधूवर-सूचन असे भारदस्त विषय समोर असता बटणांवर बोलावयास कोणी उभे राहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल खरे. परंतु आपल्या शिंपी समाजात असे घर विरळाच की ज्याच्या माळ्यावर किंवा शिवणयंत्राच्या खणात जुन्या बटणांची एक डबी नाही. मुले तिचा खुळखुळा करतात, दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा भंगारवाल्याच्या तराजूपर्यंत जाऊन परत येते, आणि केव्हातरी परत येत नाही. गेल्या वर्षी मंडळाने आवाहन केल्यावरून अनेक कुटुंबांनी आपापल्या डब्या मजकडे पाहावयास आणून दिल्या. त्यांत जे आढळले आणि ते ओळखावे कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बटण हे आपल्या जुन्या पोशाखाचे अंग नव्हे. बाराबंदीला बंद असत, अंगरख्याला कसे असत. फार तर कापडाची गुंडी आणि दोऱ्याचा फासा. शिवलेल्या काजात बसणारे बटण आपल्याकडे रूढ केले ते मुख्यतः युरोपियनांनी, आणि त्याची साक्ष आपली भाषाच देते. ज्या ‘काजा’वर आपल्या आयाबहिणींचे डोळे शिणले तो शब्द पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे ‘घर’ याच्यापासून आलेला आहे. गोव्याकडील आपली मंडळी आजही बटणाला ‘बुतांव’ म्हणतात, तेही पोर्तुगीजच. ‘बटण’ मात्र इंग्रजीतून आले. म्हणजे घर पोर्तुगिजांचे आणि त्यात राहावयास आलेला पाहुणा इंग्रजांचा! असो. तात्पर्य, आपल्या घरातील जुन्यांत जुने बटण बहुधा परक्या अंमलाच्या काळातील असावयाचे, आणि त्या अंमलाची शिस्त त्याच्यावर उमटलेली असावयाची. ही शिस्तच आपणास उपयोगी पडते.

बटण हाती आले की आपण त्याचा दर्शनी भाग पाहतो. जाणत्याने ते आधी पालथे करावे. पाठीमागे कडी आहे की भोके आहेत, कडी डाख लावून बसविलेली आहे की पत्रा दाबून गुंतवलेली आहे, बटण एकाच तुकड्याचे सपाट आहे की दोन पत्रे जोडून पोकळ केलेले आहे, हे पाहावे. सपाट व जड बटण बहुधा जुने. दोन पत्र्यांचे फुगीर बटण सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकात. मग भिंग घेऊन कडीभोवतालची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे बहुधा कारखानदाराचे नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम हे गाव असते. लंडनचे फर्मिन, लंडनचेच जेनेन्स, बर्मिंगहॅमचे गाँट ही नावे मला पुनःपुन्हा आढळली. जेनेन्सचा कारखाना १९२४ साली गाँटच्या कारखान्यात विलीन झाला. तेव्हा पाठीवर जेनेन्स हे नाव असेल तर ते बटण त्यापूर्वीचे असे धरावयास हरकत नाही.

याच जागी कधीकधी ‘ट्रेबल गिल्ट’ किंवा नुसते ‘गिल्ट’ असे शब्द असतात, आणि येथे घरोघरी एक गैरसमज जन्मास येतो. कोणी इंग्रजी जाणणारा हे शब्द वाचतो, आणि ‘आमच्या पूर्वजांची सोन्याची बटणे’ ही कथा सुरू होते. गिल्ट म्हणजे सोने नव्हे, सोन्याचा मुलामा. तो किती असावा याविषयी इंग्लंडच्या पार्लमेंटने १७९६ साली कायदा केला होता. एक इंच व्यासाच्या एका ग्रोसला, म्हणजे १४४ बटणांना, पाच ग्रेन सोने लावले तर त्यांना गिल्ट म्हणावे. आपल्या जुन्या मापात १८० ग्रेनांचा तोळा आणि ९६ गुंजांचा तोळा. हिशेब केला तर १४४ बटणांना मिळून पावणेतीन गुंजाही सोने होत नाही. मुलाम्याला तिप्पट म्हटले तरी सराफाकडे धावण्याजोगे त्यात काही नाही. खरी सोन्याची बटणे आपल्याकडे असत ती वेगळी. नवरदेवाच्या सदऱ्याला घालावयाची, बारीक साखळीने एकमेकांस जोडलेली. ती सोनाराने घडविलेली असतात आणि त्यांची परीक्षा कसोटीच्या दगडावर सोनारानेच करावी.

आता दर्शनी बाजू. मागील पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरणारा सिंह दिसला तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनीचा राज्यकारभार १८५८ साली संपला, तेव्हा असे बटण पावणेदोनशे वर्षांच्या घरात गेले असे समजावे आणि ते जपावे. मला सर्व डब्यांत मिळून असे एकच दिसले. नुसता मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहाव्यात. मध्यभागी किंचित दबलेल्या कमानी बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या, म्हणजे १९०१ पूर्वीच्या. घुमटासारख्या वर उचललेल्या कमानी त्यानंतरच्या राजांच्या, म्हणजे १९०१ पासून १९४७ पर्यंतच्या. तीन सिंहांची अशोकमुद्रा असेल तर ते बटण प्रजासत्ताकाचे, १९५० नंतरचे. ढालीच्या एका अंगास सिंह आणि दुसऱ्या अंगास शिंगाचा घोडा असे मोठे राजचिन्ह असलेली पितळी बटणे १८७१ पासून गोऱ्या पलटणींतील साध्या शिपायांना सरसकट देण्यात येऊ लागली. ती आपल्याकडे छावणीच्या गावांत मुबलक सापडतात.

ज्यावर अंक आहे ते बटण सर्वांत बोलके. मुंबई इलाख्यातील पायदळ पलटणींचे अंक १९०३ साली लॉर्ड किचनेर यांच्या पुनर्रचनेत बदलले. जुन्या अंकात शंभर मिळवले गेले. तिसरी पलटण १०३ वी झाली, पाचवी १०५ वी, दहावी ११० वी, सतरावी ११७ वी. पुढे १९२२ साली १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली, आणि ते शंभरीचे अंक गेले. म्हणजे एखाद्या बटणावर ११० असा पलटणीचा अंक असेल तर ते १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतच घडलेले असले पाहिजे. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्यास शरण जावे लागले. हाताच्या तळव्यावर मावणारे पितळेचे ते चकते तेव्हा केवढ्या इतिहासाशी जोडलेले असते, हे सांगणे नलगे.

काळी बटणे दिसली तर ती टाकाऊ समजू नयेत. रायफल पलटणींची बटणे काळीच असत, मग ती शिंगाची असोत की काळी केलेल्या धातूची. ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरे असतील तर तो रेल्वेचा गणवेश. ही कंपनी १९५१ साली मध्य रेल्वेत गेली. ‘बी. बी. अँड सी. आय.’ त्याच वर्षी पश्चिम रेल्वेत गेली. संस्थानांची बटणे ओळखण्यास सोपा उपाय म्हणजे त्या संस्थानचे तांब्याचे नाणे शेजारी ठेवून चिन्ह ताडून पाहणे. ग्वाल्हेरचा नाग अशा रीतीने चटकन ओळखता येतो. काही घरी चांदीच्या दोन आण्यांच्या नाण्यांना मागे कडी लावून केलेली बटणे आहेत. चांदीची दोनआणी १९१७ पर्यंतच पाडली जात होती. परंतु नाण्यावरील साल हे नाण्याचे असते, बटणाचे नव्हे. नाणे आधी आणि बटण मागाहून, हा क्रम विसरू नये.

धातूखेरीज इतर बटणांविषयी थोडक्यात सांगतो. शिंपल्याचे बटण गालाला लावले असता थंड लागते आणि त्याच्या पाठीवर बहुधा शिंपल्याचा मूळ खडबडीत रंग राहिलेला असतो. हाडाच्या बटणावर भिंगातून बारीक ठिपके व रेघा दिसतात. पांढरीशुभ्र, काचेसारखी, चार भोकांची लहान बटणे चिनी मातीच्या भुकटीपासून दाबून केलेली असतात. ही कृती इंग्लंडात रिचर्ड प्रॉसर याने १८४० साली पेटंट केली. दक्षिण अमेरिकेतील एका ताडजातीच्या झाडाचे कठीण बीज कापूनही पूर्वी बटणे करीत. ती हस्तिदंतासारखी दिसतात आणि त्यांवरून पुष्कळांची फसगत होते. सेल्युलॉइडला कोमट पाण्यात बुडवून वास घेतला तर कापराचा वास येतो, बेकेलाइटला कार्बोलिकचा. बेकेलाइटचा शोध १९०७ चा, तेव्हा त्याचे बटण त्याहून जुने असू शकत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याची जी रीत कोणी सांगतात ती कृपा करून वापरू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते आणि बटणासह बोटेही भाजतात.

आता ज्या एका डबीमुळे हे व्याख्यान देण्याची मला निकड वाटली तिच्याविषयी सांगतो. कुटुंबाचे नाव सांगत नाही, परंतु त्यांनी हे सांगण्यास संमती दिली आहे. पुण्याच्या लष्कर भागात चार पिढ्या राहिलेले हे घर. पणजोबांची बिस्किटांची पत्र्याची डबी, आणि तिच्याबरोबर चालत आलेली हकिकत अशी की पणजोबा पलटणीत सुभेदार होते आणि ही त्यांच्या कोटाची बटणे. घरातील वयोवृद्ध काकूंनी ही हकिकत आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली. नातवाने ती शाळेच्या निबंधातही लिहिली होती.

मी डबी चादरीवर ओतली. ११० अंकाची आठ बटणे, ११७ ची तीन, सिंह आणि शिंगाच्या घोड्याची अकरा, काळी शिंगाची सहा, जी. आय. पी.ची दोन. एक शिपाई एका पलटणीचा असतो. फार तर बदली होऊन दोहोंचा होईल. गोरी पलटण, मराठा पलटण, रायफल आणि रेल्वे या चारही ठिकाणी एकच माणूस नोकरीस असणे शक्य नाही. मग मी प्रत्येक बटणाची झीज पाहिली. अंगावर वागवलेले बटण घासून घासून चकचकीत केलेले असते; त्याच्यावरील उठाव बोथट होतो आणि कडीला दोऱ्याने खाच पडते. गणवेशाचे पितळ रोज घासणे हा तर शिपायाचा नित्यनेम. या डबीतील बहुतेक बटणांचा उठाव करकरीत होता आणि कड्यांना खाच नव्हती. तीन बटणे अजून जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यात अडकवलेली होती, कारखान्यातून आली तशी. तळाशी पितळी तारेच्या लहान दुहेरी कड्यांचा जुडगा होता. पांढऱ्या ड्रिलचे कोट धोब्याकडे जाताना बटणे काढून ठेवता यावीत म्हणून शिंपी काजासारखी दोन भोके करून आतून या कड्या घालीत. कारण धोब्याच्या दगडापुढे विलायती बटणाचा टिकाव लागत नसे. आणि सर्वांच्या खाली एक अंगुस्तान होते, टोकाशी झिजून आरपार भोक पडलेले.

ही डबी गणवेश घालणाऱ्याची नव्हे, गणवेश शिवणाऱ्याची होती. प्रत्येक पलटणीबरोबर दर्जी असत. लष्करी दप्तरात त्यांना ‘फॉलोअर’ म्हणजे पाठोपाठ येणारे म्हणत, आणि पलटण कूच करी तेव्हा त्यांतील काही तिच्याबरोबर जात. त्यांचा पगार थोडा, मान त्याहून थोडा. डबीतील सर्वांत नवे बटण कोणते हे मी पाहिले, कारण डबीचा काळ तिच्यातील जुन्या बटणावरून नव्हे, नव्या बटणावरून ठरतो. जुना साठा दर्ज्याकडे पुष्कळ वर्षे पडून राहतो. त्यावरून हे गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या आसपास काम करीत असावेत, एवढे म्हणता आले.

मी हे सांगितल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग काकूंनी विचारले, “म्हणजे मामंजी सांगायचे ते खोटेच म्हणायचे का? पणजोबा पलटणीत नव्हतेच?”

मी म्हणालो, “काकू, ते पलटणीत होतेच. एकात नव्हे, तीन-चार पलटणींत होते. फक्त सुभेदार नव्हते. सुभेदाराचा कोट त्यांच्या हातून गेल्यावाचून सुभेदाराच्या अंगावर चढत नव्हता.”

त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. नातू मात्र अंगुस्तान बोटात घालून पाहत होता. पुढे त्यांनी कळविले की डबीवरील चिठ्ठी बदलली आहे, आणि आता तीवर ‘पलटणीचे दर्जी’ असे लिहिले आहे.

मंडळी, ही गोष्ट एका घरापुरती नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्या समाजात वकील, डॉक्टर, प्राध्यापक झाले, आणि सुई हाती धरलेल्या पूर्वजास सुभेदार करून टाकण्याची हौस त्याबरोबर वाढली. मला आलेल्या डब्यांपैकी निम्म्याहून अधिक डब्यांबरोबर एक तरी सुभेदार आला होता! ज्यांच्या घरी खरोखर सुभेदार होऊन गेले त्यांना माझा नमस्कार. परंतु त्यांच्याकडे बटणांखेरीज पेन्शनचे कागद असतात, पदक असते. दर्ज्याचे कागद कोणी केले नाहीत. त्याने शिवलेले कोट फाटून गेले. त्याच्या कामाची खूण म्हणून राहिली आहे ती ही डबी, आणि तीच आपण दुसऱ्याच्या नावावर चढवू लागलो तर त्याचे म्हणावयास काहीच उरणार नाही.

पदकाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या व त्यानंतरच्या काही मोहिमांत, उदाहरणार्थ १८९५ चे इंडिया मेडल किंवा १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेचे पदक, लढणाऱ्या शिपायांना चांदीची आणि बरोबरच्या फॉलोअरांना काशाची पदके दिली गेली. पदकाच्या दर्शनी बाजूस राजा किंवा राणी असते. माणसाचे नाव आणि हुद्दा असतो तो कडेवर. एका घरी असे काशाचे पदक देवघरात ठेवलेले मी पाहिले. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून ते इतक्या निष्ठेने घासले गेले होते की कडेवरील अक्षरांपैकी दोनच वाचता आली. ज्याच्या आदरासाठी घासले त्याचेच नाव त्या घासण्याने गेले. बटणांचेही तसेच. मुलामा किती पातळ असतो हे मघाशी गुंजांच्या हिशेबाने आपण पाहिलेच आहे. पितळ उजळविण्याची मलमे, लिंबू, चिंच, पीतांबरी यांपैकी काहीही लावू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, सेल्युलॉइडची बटणे धातूच्या बटणांपासून वेगळी ठेवावीत, आणि हवाबंद प्लॅस्टिकपेक्षा कागदी पाकिटे पसंत करावीत.

विक्रीविषयी पुष्कळांनी विचारले. एकेकट्या बटणाला बाजारात फारशी किंमत येत नाही हे स्पष्ट सांगितलेले बरे. शंभर वर्षांहून जुनी व पुराण वस्तूंच्या कायद्यात बसणारी वस्तू परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने खाजगी व्यक्तींना मनाई आहे, आणि हस्तिदंताचा व्यापार तर आपल्या देशात पूर्णतः बंद आहे. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाच्या पत्राने हुरळून जाऊ नये. कोणास डबी घरी ठेवणे शक्यच नसेल तर ती संग्रहालयास विचारून पाहावी. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमवून १९७५ साली त्या राज्य शासनाच्या स्वाधीन केल्या, हे आपणास ठाऊकच आहे. अडकित्त्याला जेथे जागा आहे तेथे अंगुस्तानालाही असावयास हरकत नसावी.

शेवटी एक विनंती. घरी गेल्यावर डबी काढा, पण एकट्याने बसून बटणे निवडू नका. घरातील सर्वांत वडील माणसाला जवळ बसवा आणि ही कोणाची, ते कोणत्या गावी काम करीत, दुकान कोणत्या आळीत होते, कोणासाठी शिवीत, हे विचारून त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. आपल्याला पटो अथवा न पटो. बटणे ज्या क्रमाने, ज्या पुडीत असतील तशीच राहू द्या, कारण पुडीचा कागदही कधीकधी साल सांगतो. कागद आणि डबी दोन्ही घेऊन यावे. मंडळाच्या कार्यालयात यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी भिंग, लोहचुंबक आणि एक जुनी चादर घेऊन बसणार आहे.